‘क्षत्रिय’ची लांबी किती? तीन, पाच, आठ की चोवीस?

वाचकांचे प्रश्न : संगणक आणि मजकूर

गेल्या अंकात ‘स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची माळ’ असं एक वाक्य लिहून मी पुढे निघून गेले होते. त्या वाक्याने मला चांगलंच पकडलं. आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रं त्यावरच आहेत, आणि बहुतेकांचा सूर ‘बाई, हे इंग्रजीत ठीक आहे हो’ असा आहे. मान्य. म्हणून या वेळी दुसरे विषय बाजूला ठेवून फक्त मजकुराबद्दल.

प्रश्न : मी संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘क्षत्रिय’ हा शब्द पायथन या प्रोग्रामिंग भाषेला देऊन लांबी विचारली, तर उत्तर आलं ८. जावास्क्रिप्टही ८ म्हणाली. गो भाषेने २४ सांगितले, स्विफ्ट भाषेने ३. मैत्रिणीच्या जुन्या मशीनवर त्याच स्विफ्टने ५ सांगितले. यात चूक कोणाची?

कोणाचीच नाही. तुला वाटतंय तू सगळ्यांना एकच प्रश्न विचारलास. प्रत्येकीने आपल्याला सोयीचा प्रश्न ऐकला आणि त्याचं अचूक उत्तर दिलं.

शब्द आधी सुटा करून बघ. क, त्याचा पाय मोडणारं चिन्ह, ष, त, पुन्हा पाय मोडणारं चिन्ह, र, ऱ्हस्व वेलांटी, य. आठ झाले. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारी यादी. तिच्यात या प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक आहे, त्याला कोड पॉइंट म्हणतात. ‘क्ष’ आणि ‘त्र’ यांना मात्र वेगळा क्रमांक नाही; मुळाक्षरांच्या तक्त्यावर त्यांचा मान काहीही असो, इथे ती जोडाक्षरंच. आणखी एक गंमत म्हणजे वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, पण साठवताना व्यंजनाच्या नंतर येते. साठवण उच्चाराच्या क्रमाने, चित्र काढण्याची जबाबदारी फॉन्टची.

पायथन हे कोड पॉइंट मोजते. जावास्क्रिप्टचं उत्तरही आठच असलं तरी ती मोजते १६ बिटांचे तुकडे (बिट म्हणजे एक ० किंवा १). देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह अशा एका तुकड्यात मावतं, म्हणून दोघींचं जमलं. एखादा हसरा इमोजी देऊन बघ. पायथन १ म्हणेल, जावास्क्रिप्ट २. कारण जन्मवेळेत आहे. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तेव्हा जगातल्या सगळ्या लिप्यांना ६५,५३६ घरं पुरतील असा हिशोब होता. १६ बिटांत तेवढीच मावतात. जावा आणि जावास्क्रिप्ट १९९५ साली आल्या, त्यांनी तो हिशोब विश्वासाने उचलला. १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत घरं वाढवून ११,१४,११२ करावी लागली, आणि वरच्या मजल्यांवरच्या चिन्हांसाठी दोन-दोन तुकड्यांची जोडी लावायची युक्ती निघाली. तीच यूटीएफ-१६. इमोजी राहतात त्या वरच्या मजल्यांवर.

गो बाइट, म्हणजे आठ-आठ बिटांचे गट, मोजते. तिच्या लेखी स्ट्रिंग म्हणजे बाइटांची रांग, आणि यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं. आठ त्रिक चोवीस. गोमध्ये कुठल्याही देवनागरी शब्दाचं शून्याव्या जागेवरचं मूल्य मागशील, तर उत्तर नेहमी २२४ येतं. शब्द ‘आई’ असो की ‘ज्ञानकोश’. मी हे नवशिक्यांना मुद्दाम करून दाखवते. चेहरे बघण्यासारखे होतात.

राहिली स्विफ्ट. ती माणसाच्या डोळ्याला जे एक अक्षर वाटतं ते मोजायचा प्रयत्न करते. त्याला ग्राफीम क्लस्टर म्हणतात. ‘क्ष’, ‘त्रि’, ‘य’, झाले तीन. पण हे क्लस्टर कुठे तोडायचे याचे नियमही युनिकोडच ठरवतं, आणि बरीच वर्षं त्या नियमांत पाय मोडल्यावर अक्षर संपायचं. म्हणजे ‘क्’ वेगळा, ‘ष’ वेगळा, ‘त्’ वेगळा, ‘रि’ वेगळा, ‘य’ वेगळा. हेच मैत्रिणीचे पाच. २०२३ च्या १५.१ आवृत्तीत नियम बदलला आणि देवनागरी जोडाक्षर अखंड धरलं जाऊ लागलं. त्यामुळे ही संख्या डेटाबेसमध्ये कायमची लिहून ठेवू नकोस. शब्द तोच राहील, नियमांची आवृत्ती बदलली की आकडा बदलेल.

आता तू विचारलेलं नाहीस, पण विचारायला हवं होतंस ते. पायथन हे आठ कोड पॉइंट ठेवते कुठे आणि कसे? प्रत्येकाला सरसकट चार बाइट दिले की हिशोब सोपा. पाचवं चिन्ह हवं? चारने गुणा आणि थेट तिथे जा. पण मग साध्या इंग्रजी मजकुराचा चौपट फुगा होतो. जुन्या पायथनमध्ये दोन बाइटांची की चार बाइटांची, हे पायथन बांधतानाच ठरायचं, आणि एकाच प्रोग्रामची दोन मशीनवर दोन उत्तरं यायची. २०१२ मध्ये आलेल्या ३.३ आवृत्तीने हे मोडीत काढलं. आता प्रत्येक स्ट्रिंग तयार होताना तिच्यातलं सर्वांत मोठ्या क्रमांकाचं चिन्ह बघितलं जातं. ते २५५ च्या आत असेल तर सगळ्यांना एकेक बाइट, ६५,५३५ च्या आत असेल तर दोन-दोन, त्यापलीकडे असेल तर चार-चार. एका स्ट्रिंगमध्ये सगळ्यांना समान माप, म्हणून थेट उडी मारायची सोय टिकते.

मला ही कल्पना मनापासून आवडते, पण तिची एक खोड आहे. एक लाख चिन्हांचा मराठी लेख मेमरीत दोन लाख बाइट घेतो. त्याच्या शेवटी कोणी प्रेमाने एक हसरा इमोजी लावला, की तोच लेख चार लाखांवर जातो. एकटा उंच पाहुणा आला म्हणून घरातले सगळे दरवाजे उंच करावेत, तसं. इमोजीने भरलेल्या संदेशांवर काम करणार असशील तर हे ध्यानात ठेव.

जावाने २०१७ च्या नवव्या आवृत्तीत असाच, पण दोनच पायऱ्यांचा मार्ग धरला. सगळा मजकूर लॅटिन-१ मध्ये, म्हणजे २५५ पर्यंतच्या क्रमांकांत, बसत असेल तर एकेक बाइट, नाहीतर पूर्वीसारखं यूटीएफ-१६. मराठी वाक्याला यात फायदा शून्य. तरी मराठी ॲपची मेमरी कमी होतेच, कारण फाइलींची नावं, पत्ते, सेटिंगच्या चाव्या असा कितीतरी मजकूर पोटात इंग्रजी अक्षरांतच असतो. बाहेरून मराठी, आतून नाही.

प्रश्न : यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षराला एक बाइट आणि मराठीला तीन. हा अन्याय नाही का? आपण सगळ्यांनी यूटीएफ-१६ वापरावं, दोनच बाइट लागतील. माझे तरुण सहकारी ऐकत नाहीत.

तुमचे तरुण सहकारी बरोबर आहेत. आणि तुमची तक्रारही निराधार नाही.

आधी तीन का, ते बघू. यूटीएफ-८ ची रचना केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, ताटाखालच्या कागदावर मांडली. याच दोघांनी पुढे रॉबर्ट ग्रीझमर यांच्याबरोबर गो भाषा रचली, तेव्हा वरच्या उत्तरातले चोवीस तिथूनच आलेले. रचना अशी : पहिला बाइट सांगतो की पुढे किती बाइट आपले आहेत, आणि मागून येणारा प्रत्येक बाइट ‘१०’ या दोन बिटांनी सुरू होतो. ही खूण ठेवण्यात काही बिट खर्च होतात. दोन बाइटांत ११ बिट उरतात, म्हणजे २,०४७ पर्यंतचेच क्रमांक मावतात. ग्रीक, रशियन, अरबी, हिब्रू त्या कुंपणाच्या आत आहेत. देवनागरी सुरू होते २,३०४ पासून. मधली फक्त २५६ घरं. तेवढ्यासाठी आपला तिसरा बाइट लागला. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मीही हळहळले होते.

पण त्या खर्ची पडलेल्या बिटांनी काय मिळालं तेही बघा. मजकुराच्या मधोमध कुठेही उतरलात, तरी समोरचा बाइट ‘१०’ ने सुरू होतोय का एवढं बघून तुम्हाला कळतं की आपण चिन्हाच्या पोटात आहोत की सीमेवर. जास्तीत जास्त तीन पावलं मागे गेलं की सुरुवात सापडते. कोड पॉइंट मोजायचे असतील तर ‘१०’ ने सुरू न होणारे बाइट मोजायचे, बस्स. आजचे प्रोसेसर हे काम एका सूचनेत सोळा किंवा बत्तीस बाइटांवर एकदम करतात. शिवाय एका चिन्हाचे बाइट दुसऱ्याच्या पोटात चुकूनही जुळत नाहीत, त्यामुळे शब्द शोधायला साधी बाइटांची शोधाशोध पुरते.

आणि तीन बाइट हा आकडा कागदावर जितका जड वाटतो तितका प्रत्यक्षात पडत नाही. मोकळ्या जागा, स्वल्पविराम आणि पूर्णविराम एकेकच बाइटाचे. वेबपानात मजकुराभोवती टॅगांचं जे जंगल असतं ते सगळं इंग्रजी अक्षरांत, म्हणजे यूटीएफ-१६ मध्ये दुप्पट. त्यातून देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट तोच आणि दुसरा फक्त दोन प्रकारचा असतो. अशी पुनरावृत्ती म्हणजे फाइल आवळणाऱ्या प्रोग्रामांना मेजवानी. आवळल्यावर फरक बराच आटतो.

नुसता मराठी मजकूर, न आवळलेला, प्रचंड प्रमाणात मेमरीत धरून ठेवायचा असेल, तर तुमचं यूटीएफ-१६ खरंच कमी जागा घेईल. तेवढ्या एका कामासाठी खुशाल वापरा. फाइलीत आणि तारेवरून पाठवताना नको.

जाता जाता, खरा कंजूषपणा बघायचा असेल तर मोबाइलचा एसएमएस घ्या. एका संदेशाला १४० बाइट. इंग्रजी अक्षरं सात-सात बिटांत दाबून १६० बसतात. एक जरी देवनागरी चिन्ह आलं की सगळा संदेश दोन-दोन बाइटांवर जातो आणि ७० वरच थांबतो.

प्रश्न : आमच्याकडे जुन्या नोंदींचा मोठा संग्रह आहे. ‘दऱ्या’ शोधलं तर काही नोंदी सापडतात, काही नाहीत. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे. ‘ॲ’ने सुरू होणाऱ्या शब्दांचंही तेच. आम्ही वेडे झालो आहोत.

वेडे होऊ नका. हा रोग मी स्वतः अंगावर काढलेला आहे, आणि एकदा तर औषधानेच तो वाढवला.

‘दऱ्या’ तीन तऱ्हांनी साठवता येतो. पहिल्या तऱ्हेत द, ऱ, पाय मोडणारं चिन्ह, य, काना. इथला ‘ऱ’ म्हणजे खाली टिंब असलेला, स्वतःचा क्रमांक असलेला र. दुसऱ्या तऱ्हेत साधा र आणि त्याच्यामागे नुक्ता, म्हणजे ते टिंब, वेगळं. तिसऱ्या तऱ्हेत साधा र, पाय मोडणारं चिन्ह आणि त्यानंतर एक अदृश्य जोडक, ज्याला झीरो विड्थ जॉइनर म्हणतात. तिन्ही लिहा, छापा, भिंग लावून बघा, अर्धा र तोच दिसेल. बाइट वेगवेगळे, म्हणून तुलना करणारा प्रोग्राम म्हणतो हे तीन वेगळे शब्द आहेत. कोणी कुठला कीबोर्ड वापरला, कुठल्या जुन्या फॉन्टमधून मजकूर उतरवला, यावर तऱ्हा ठरते.

यावर युनिकोडचा अधिकृत उपाय म्हणजे नॉर्मलायझेशन. त्याच्या एनएफसी नावाच्या रूपात मजकूर आणला, की पहिली आणि दुसरी तऱ्हा एक होतात. र आणि नुक्ता मिळून ऱ होतो. तिसरी तशीच राहते, कारण अदृश्य जोडकाला युनिकोड समानार्थी मानत नाही.

इथे माझा पराक्रम. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या संग्रहावर काम करताना मला कळलं की कुठून कुठून कॉपी केलेल्या मजकुरात अदृश्य चिन्हांचा कचरा साठलाय. मी चार ओळींचा प्रोग्राम लिहिला, सगळी शून्य रुंदीची चिन्हं काढून टाकली आणि समाधानाने घरी गेले. तिसऱ्या तऱ्हेच्या ‘दऱ्या’मधून जोडक काढला की काय उरतं? द, र, पाय मोडणारं चिन्ह, य, काना. म्हणजे ‘दर्या’. डोंगरांतल्या सगळ्या दऱ्यांचा एका रात्रीत समुद्र झाला होता. संगणकाने कुठेही चूक दाखवली नाही, कारण चूक नव्हतीच. दोन्ही शब्द शुद्ध मराठी. पकडली ती मुद्रितं तपासणाऱ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी, पेन्सिलीने.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी र, पाय मोडणारं चिन्ह आणि जोडक असा तिघांचा गट जिथे दिसेल तिथे ऱ आणि पाय मोडणारं चिन्ह घाला. मग एनएफसी. उरलेल्या अदृश्य चिन्हांना हात लावण्यापूर्वी मूळ संग्रहाची प्रत बाजूला काढा.

‘ॲ’ची गोष्ट छोटी आहे. त्याला स्वतःचा क्रमांक २००८ च्या ५.१ आवृत्तीत मिळाला. तोपर्यंत लोक अ लिहून त्यावर अर्धचंद्र देत होते, आणि काही कीबोर्ड अजूनही तेच करतात. या दोन रूपांना युनिकोड एक मानत नाही, त्यामुळे एनएफसीचा इथे काही उपयोग नाही. बदलाचा नियम तुम्हालाच लिहावा लागेल. त्याच दमात अ आणि काना असा जोडून लिहिलेला ‘आ’, अ आणि त्यावर ‘ो’ देऊन लिहिलेला ‘ओ’ हेही शोधून घ्या. जुन्या फॉन्टांतून उतरवलेल्या मजकुरात हे हमखास सापडतात.

आणि ही सगळी साफसफाई मजकूर आत येतानाच करा, प्रत्येक शोधाच्या वेळी नको. शोधासाठी येणारा शब्द मात्र त्याच चाळणीतून जाऊ द्या, नाहीतर चाळलेल्या संग्रहात न चाळलेला शब्द शोधत बसाल.

प्रश्न : ओळखपत्रावर माझ्या मुलीच्या नावाच्या शेवटी काळ्या चौकोनात प्रश्नचिन्ह छापून आलं. दुरुस्तीसाठी गेलो तर ‘नाव लहान करा’ असा सल्ला मिळाला. नाव का लहान करायचं?

नाव अजिबात लहान करू नका. त्यांना रकाना मोठा करायला सांगा.

झालं असावं ते असं. रकान्याची मर्यादा २० ठेवली, आणि ते २० बाइट होते. इंग्रजी नावाची वीस अक्षरं मावतात. मराठीची सहा चिन्हं म्हणजे १८ बाइट. सातव्याचे दोन बाइट आत आले, तिसरा दाराबाहेर राहिला. अर्धवट चिन्हाचं काय करायचं हे छापणाऱ्या प्रोग्रामला कळेना, म्हणून त्याने युनिकोडने अशाच प्रसंगासाठी ठेवलेलं प्रश्नचिन्ह काढलं. आणि सहा चिन्हं म्हणजे सहा अक्षरं नव्हेत हे तुम्ही वर वाचलंच. काना, मात्रा, वेलांट्या त्यातच आल्या. एकट्या ‘क्षत्रिय’लाही रकाना अपुरा पडतो.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी एक शब्द. बाइटांवर कापायचंच असेल तर मागे सरकत चिन्हाच्या सीमेवर या, आणि तिथे न थांबता ग्राफीमच्या सीमेवर या. नुसत्या कोड पॉइंटवर कापलंत तर प्रश्नचिन्ह जाईल, पण ‘कीर्ती’ची ‘कीर्त’ होईल. ते अधिक वाईट, कारण कोणाच्या लक्षातच येत नाही. रस्ट भाषा या बाबतीत कडक आहे. चिन्हाच्या मधोमध स्ट्रिंग कापायला गेलात तर ती प्रोग्रामच बंद पाडते, आणि ‘पाचवं अक्षर दे’ असा क्रमांक टाकून मागायची सोयच देत नाही. सुरुवातीला मला याचा राग यायचा. हल्ली येत नाही.

प्रश्न : छोटे मराठी शब्द साठवायला काही भाषांना वेगळी मेमरी लागतच नाही असं ऐकलं. खरं का?

खरं, स्विफ्टबाबत तर नक्की. २०१९ च्या पाचव्या आवृत्तीपासून तिने आतली साठवण यूटीएफ-८ केली. ६४ बिटांच्या मशीनवर स्ट्रिंगचा डबा १६ बाइटांचा असतो. मजकूर १५ बाइटांच्या आत असेल तर तो त्या डब्यातच राहतो, बाहेर वेगळी जागा मागावी लागत नाही, आणि काम त्यामुळे बरंच जलद होतं. देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइटांचं, म्हणजे पाच चिन्हं. म, र, काना, ठ, वेलांटी. ‘मराठी’ बरोबर पंधरा बाइटांत बसतो. ‘मराठीत’ लिहिलंत की डब्याबाहेर.